पर्यावरणीय राजकारणाचा अभ्यास आणि इलेक्ट्रॉनिक सिटी

जमीन, पाणी, जंगल आणि हवा यांच्या वापराचे निर्णय कोण घेतो, त्या निर्णयांचा लाभ कोणाच्या पदरात पडतो आणि तोटा कोणाच्या वाट्याला येतो, या प्रश्नांचा पद्धतशीर अभ्यास करणाऱ्या विद्याशाखेला पर्यावरणीय राजकारण असे म्हणतात. झाडे किती उरली किंवा नदीत घाण किती मिसळली, हे मोजणे निसर्गविज्ञानाचे काम असले, तरी झाडे कोणाच्या परवानगीने तुटली आणि त्या झाडांवर ज्यांचा संसार चालत होता त्यांचे पुढे काय झाले, हे विचारल्याशिवाय ते मोजमाप अपुरे राहते, ही जाणीव या शाखेच्या मुळाशी आहे. भारतात या अभ्यासाला विद्यापीठीय रूप येऊन जेमतेम अर्धशतक लोटले आहे. या अर्धशतकात बंगळुरूला त्यात मोठे स्थान मिळाले, आणि शहराच्या आग्नेयेस होसूर रस्त्यावर वसलेल्या इलेक्ट्रॉनिक सिटीचा तर या अभ्यासाशी दुहेरी संबंध आला: तेथे निर्माण झालेल्या संपत्तीने या अभ्यासाला आश्रय दिला, आणि ती वसाहत ज्या रीतीने घडली त्यामुळे ती स्वतःही या अभ्यासाचा विषय ठरली. मराठी वाचकाला हा इतिहास परका वाटण्याचे कारण नाही, कारण त्याचा एक धागा थेट अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील कालव्यांपर्यंत जातो.

पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष लाभांची पाहणी करून तिचा अहवाल १९४८ मध्ये प्रसिद्ध केला. कालव्याचे पाणी शेतात आल्यावर पिके कोणती बदलतात, मजुरीचे काय होते, बाजारपेठ कशी वाढते, यांचा हिशेब मांडणारे ते काम भारतातील सिंचनविषयक अर्थशास्त्रात पायाभूत मानले जाते. त्याच प्रवरेच्या पाण्यावर लोणी येथे उभ्या राहिलेल्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्षपदही गाडगिळांनीच भूषविले. पुढे समाजशास्त्रज्ञ बा. स. बाविस्कर यांनी गोदावरीच्या कालव्यांनी भिजणाऱ्या कोपरगाव परिसरातील साखर कारखान्याचा अभ्यास केला आणि सहकाराच्या आत चालणारी गटबाजी, निवडणुका आणि सत्तेची वाटणी यांचे जे विश्लेषण केले, ते १९८० मध्ये विकासाचे राजकारण अशा अर्थाच्या शीर्षकाखाली पुस्तकरूपाने आले. या दोन्ही अभ्यासकांसमोरचा प्रश्न विकासाच्या लाभांविषयीचा होता. पाणी आले, साखर झाली, मग तिचे फळ कोणाला किती मिळाले, हे त्यांना पाहायचे होते. त्यांच्या पुढच्या पिढीने त्या प्रश्नाची दुसरी बाजू हाती घेतली, आणि ती पिढी अक्षरशः त्यांच्याच घरातली होती: धनंजयरावांचे पुत्र माधव गाडगीळ आणि बाविस्करांची कन्या अमिता बाविस्कर. विकासाची किंमत कोण मोजतो, हा या दोघांच्या अभ्यासाचा गाभा राहिला.

माधव गाडगीळ यांचे शिक्षण पुणे, मुंबई आणि हार्वर्ड येथे झाले. परतल्यावर त्यांनी वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांच्यासह महाराष्ट्रातील देवराया, म्हणजे देवाच्या नावाने राखलेली आणि कुऱ्हाड न लागलेली वने, यांचा अभ्यास केला आणि १९७३ मध्ये ते बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत रुजू झाले. कर्नाटकातील बांबूचा ऱ्हास का होतो आहे, याचा शोध घेण्याचे काम १९७० च्या दशकात त्यांच्याकडे आले. कागद गिरण्यांना सरकारकडून अत्यल्प दराने बांबू मिळत होता, तर टोपल्या विणून पोट भरणाऱ्या बुरुडांना तो बाजारभावाने घ्यावा लागत होता. शिवाय बांबू संपत चालल्याचा दोष गावकऱ्यांवर आणि त्यांच्या गुरांवर टाकला जात होता. प्रत्यक्ष पाहणीत वेगळीच गोष्ट उघड झाली. बांबूच्या बेटाची वाढ चांगली व्हावी म्हणून वनखाते बुंध्याभोवतीचे काटेरी आवरण साफ करवून घेत होते, आणि ते आवरण गेल्यामुळे कोवळे कोंब गुरांच्या तोंडी लागत होते. गावकरी हे आधीपासून सांगत होते. तज्ज्ञाचे ज्ञान आणि जंगलाकाठी राहणाऱ्याचे ज्ञान यांत अधिकाराची जी उतरंड असते, ती या एका उदाहरणातून जितकी स्पष्ट दिसते तितकी सिद्धान्ताच्या अनेक पानांतून दिसत नाही.

१९८३ मध्ये विज्ञान संस्थेत परिसरविज्ञान केंद्र स्थापन झाले आणि गाडगिळांचे काम इतिहासाशी जोडले गेले. इतिहासकार रामचंद्र गुहा यांच्यासह त्यांनी १९९२ मध्ये भारताचा परिसरीय इतिहास आणि १९९५ मध्ये परिसर व समता यांच्या संबंधांवरचे पुस्तक लिहिले. दुसऱ्या पुस्तकात त्यांनी भारतीय समाजाची तीन वर्गांत विभागणी केली: आपल्या आसपासच्या निसर्गावर थेट जगणारे परिसंस्थेतील लोक, त्या निसर्गावरचा हक्क गमावून शहरांच्या आणि प्रकल्पांच्या कडेला आलेले परिसर-निर्वासित, आणि दूरदूरच्या प्रदेशांतून पाणी, वीज, लाकूड व धान्य ओढून घेण्याची ताकद असलेले सर्वभक्षी. ही विभागणी काहीशी ढोबळ असल्याची टीका झाली आणि ती अगदीच निराधार नव्हती. तरीही ज्या शहरात ती मांडली गेली त्या शहराला ती नेमकी लागू पडते. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेल्या बंगळुरूला बारमाही नदी नाही. १९७४ पासून या शहराला सुमारे १०० किलोमीटर अंतरावरून कावेरीचे पाणी मोठ्या उंचीपर्यंत उपसून आणले जाते, आणि ते पाणी वर चढविण्यासाठी लागणारी वीजही दुसरीकडूनच येते.

अमिता बाविस्कर यांची वाटचाल निसर्गविज्ञानाकडून झाली नाही. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र शिकून त्या अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात विकासाच्या समाजशास्त्राच्या संशोधनासाठी गेल्या आणि क्षेत्रकार्यासाठी त्यांनी नर्मदेच्या खोऱ्यातील आलिराजपूर भाग निवडला. सरदार सरोवर धरणाच्या बुडीत क्षेत्रातील अंजनवारा या भिलाला आदिवासींच्या गावात राहून केलेल्या त्या अभ्यासातून १९९५ मध्ये ‘इन द बेली ऑफ द रिव्हर’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. नर्मदा लढ्याचा तो ऐन भर होता: १९७९ मध्ये लवादाचा निवाडा झाला होता, १९८५ मध्ये जागतिक बँकेने कर्ज मंजूर केले होते, १९९२ मध्ये बँकेनेच नेमलेल्या मोर्स समितीने प्रकल्पावर कठोर ताशेरे ओढले आणि पुढच्या वर्षी बँकेचे कर्ज थांबले. १९९० च्या दशकाच्या आरंभापूर्वीच मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतील मेधा पाटकर आपले संशोधन बाजूला ठेवून खोऱ्यात उतरल्या होत्या. विद्यापीठ सोडून आंदोलनात जाणे आणि आंदोलनाकडून विद्यापीठात परत येऊन लिहिणे, असे दोन मार्ग त्या पिढीसमोर होते. दोन्ही मार्गांची किंमत वेगळी होती आणि दोहोंपैकी एकालाच खरी बांधिलकी म्हणणे अन्यायाचे होईल.

बाविस्करांच्या पुस्तकाचे महत्त्व त्यातील निर्भयपणात आहे. आदिवासी हा निसर्गाशी एकरूप होऊन जगणारा आणि म्हणून विकासाच्या विनाशकारी रूपाला स्वभावतःच पर्याय देणारा माणूस आहे, असे चित्र आंदोलनाच्या शहरी समर्थकांना प्रिय होते. बाविस्करांना खोऱ्यात दिसलेले जीवन त्याहून गुंतागुंतीचे होते. भिलालांची श्रद्धा डोंगराशी आणि नदीशी घट्ट जोडलेली होती, परंतु पोटासाठी त्यांना जंगल साफ करून नेवाड, म्हणजे सरकारी दप्तरात अतिक्रमण ठरणारी वनजमिनीवरची शेती, करावी लागत होती, आणि तसे करण्याची पाळी त्यांच्यावर आली होती कारण राज्यसत्तेने आणि सावकारीने त्यांना पिढ्यान्‌पिढ्या सपाटीवरून डोंगरात रेटले होते. म्हणजे जंगलाच्या ऱ्हासात त्यांचा हात होता, आणि त्या ऱ्हासाचे कारण मात्र त्यांच्या हातात नव्हते. आंदोलनाच्या बाजूने उभे राहूनही आंदोलनाच्या आवडत्या प्रतिमेवर प्रश्न उभा करणारी ही मांडणी होती. या विद्याशाखेत कीर्ती मिळविण्याचे सोपे मार्ग अनेक असतात; आपल्याच बाजूच्या लोकांना न आवडणारे सत्य पुराव्यानिशी लिहिणे हा त्यांतला नव्हे, आणि म्हणूनच हे पुस्तक तीन दशकांनंतरही वाचले जाते.

पुढे त्यांनी आपली नजर दिल्लीकडे वळविली. १९९६ नंतर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनी प्रदूषणकारी कारखाने बंद झाले, २००४ मध्ये यमुनेच्या काठची पुश्ता वस्ती पाडली गेली, आणि या दोन्ही घटनांचे समर्थन पर्यावरणाच्या नावाने झाले. स्वच्छ हवा, हिरवळ आणि सुंदर नदीकाठ यांची मागणी करणारा मध्यमवर्ग जेव्हा कामगाराच्या झोपडीलाच प्रदूषण समजू लागतो, तेव्हा पर्यावरणरक्षणाच्या त्या वर्गीय रूपाला त्यांनी ‘बूर्ज्वा पर्यावरणवाद’ असे नाव दिले. दिल्लीवरचे त्यांचे हे काम २०२० मध्ये ‘अनसिव्हिल सिटी’ या पुस्तकात एकत्र आले. त्याआधी, २००८ मध्ये, त्यांना व्ही. के. आर. व्ही. राव पुरस्कार मिळाला होता. ज्यांच्या नावाचा तो पुरस्कार आहे त्या रावांनीच १९७२ मध्ये बंगळुरूत सामाजिक आणि आर्थिक परिवर्तन संस्था स्थापन केली होती, आणि म्हैसूरचे थोर समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास त्यांच्याबरोबर तेथे आले होते. २०१० मध्ये सामाजिक चळवळी आणि पर्यावरण यांच्या विश्लेषणासाठी बाविस्करांना इन्फोसिस पुरस्कार जाहीर झाला. त्याच वर्षी बस्तरच्या अभ्यासक नंदिनी सुंदर यांनाही समाजविज्ञानांसाठी तो मिळाला. विस्थापनाचा आणि आदिवासींवरील अन्यायाचा अभ्यास करणाऱ्या दोन विदुषींचा गौरव इलेक्ट्रॉनिक सिटीत मुख्यालय असलेल्या कंपनीच्या प्रतिष्ठानाने केला, ही घटना विचार करायला लावणारी आहे.

इलेक्ट्रॉनिक सिटीची उभारणी राज्यसत्तेने केली, खासगी उद्योगाने नव्हे, हे आज अनेकांच्या स्मरणात नसते. हिंदुस्थान एअरक्राफ्ट, इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज, हिंदुस्थान मशीन टूल्स आणि भारत इलेक्ट्रॉनिक्स या सार्वजनिक उद्योगांमुळे बंगळुरूत कुशल अभियंते आणि कामगार आधीपासून होते. कर्नाटक राज्य इलेक्ट्रॉनिक्स विकास महामंडळ, म्हणजेच केऑनिक्स, १९७६ मध्ये स्थापन झाले आणि त्याचे पहिले अध्यक्ष आर. के. बाळिगा यांच्या कल्पनेतून १९७८ मध्ये कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या गावांच्या हद्दीत ३३२ एकरांवर ही वसाहत आखली गेली. देवराज अर्स यांचे ते शासन होते, आणि त्याच शासनाच्या काळात १९७४ च्या जमीन सुधारणा दुरुस्तीने कुळांना जमिनीचे मालक केले होते. कुळाला जमीन देणारे आणि उद्योगासाठी जमीन घेणारे राज्य एकच होते; १९६६ च्या औद्योगिक क्षेत्र विकास अधिनियमाने उद्योगासाठी जमीन संपादन करण्याचा अधिकार सरकारला दिला होताच. १९८१ मध्ये पुण्यात नोंदविलेली इन्फोसिस १९८३ मध्ये बंगळुरूला आली आणि १९९१ च्या उदारीकरणानंतरच्या दशकात तिचे आवार याच वसाहतीत विस्तारले. सर्किटे जोडण्यासाठी आखलेली वसाहत अशा रीतीने आज्ञावली लिहिणाऱ्यांची झाली.

या भागातील गावांची रचना दख्खनी पठाराच्या जुन्या पद्धतीची होती. पावसाचे पाणी अडविणारे केरे, म्हणजे तळे, प्रत्येक गावाला असे. एका तळ्याचे जादा पाणी पुढच्या तळ्यात नेणारे राजकालुवे, म्हणजे मोठे ओढे-नाले, त्यांना साखळीसारखे जोडत. गुरांसाठी गोमाळ असे, ज्याला महाराष्ट्रात गायरान म्हणतात, आणि गुंडुतोपु नावाची सामाईक झाडी असे, जिच्यात आंबा, जांभूळ, चिंच यांची फळे आणि सावली साऱ्या गावाची असत. या सामाईक मालमत्तेचा महसुली नोंदीत एक मालक नसल्यामुळे संपादनाच्या वेळी तिचा मोबदला घ्यायलाही कोणी पुढे येत नाही. जमीनमालकाला पैसे मिळतात, शेळ्या चारणाऱ्या बाईला काही मिळत नाही. पर्यावरणीय राजकारणाच्या अभ्यासाने भारतात जे महत्त्वाचे सत्य वारंवार दाखवून दिले ते हेच आहे. नाले बुजले की काय होते, हे बंगळुरूने सप्टेंबर २०२२ च्या पुरात पाहिले, आणि तळी व भूजल संपले की काय होते, हे २०२४ च्या उन्हाळ्यात पाहिले.

वसाहतीच्या कारभाराचा इतिहासही याच अंगाने वाचला पाहिजे. येथील उद्योगांची संघटना १९९२ मध्ये स्थापन झाली, १९९७ मध्ये वसाहतीची देखभाल तिच्याकडे आली, आणि २०१३ मध्ये इलेक्ट्रॉनिक सिटी औद्योगिक नगर प्राधिकरण अस्तित्वात आले. या बदलाचा घटनात्मक आधार चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीत आहे. त्या दुरुस्तीने नगरपालिका अनिवार्य केल्या, परंतु अनुच्छेद २४३-क्यू मधील परंतुकाने असा अपवाद ठेवला की, ज्या क्षेत्रात उद्योगच नागरी सेवा पुरवितात किंवा पुरविणार आहेत ते क्षेत्र औद्योगिक नगर म्हणून घोषित करता येईल आणि तेथे निर्वाचित नगरपालिका असण्याचे बंधन राहणार नाही. रस्ते, दिवे, कचरा, सांडपाणी यांची व्यवस्था अशा ठिकाणी नेटकी होते, आणि ती होते हे मान्य केले पाहिजे. पण भोवतालच्या गावात भाड्याच्या खोलीत राहणारा सुरक्षारक्षक, झाडूवाली किंवा उपाहारगृहातील कामगार यांना त्या व्यवस्थेत मत नसते. ज्या जागेवर प्रत्यक्ष काम करणाऱ्यांना कारभाराविषयी मत देता येत नाही ती जागा कितीही हिरवी असली, तरी लोकशाहीच्या कसोटीवर ती अपुरी ठरते.

बंगळुरूच्या जमिनीचे आणि नियोजनाचे राजकारण अभ्यासकांच्या नजरेतून सुटले नाही. इतिहासकार जानकी नायर यांनी २००५ मध्ये शहराच्या विसाव्या शतकाचा इतिहास लिहिला. समाजशास्त्रज्ञ मायकेल गोल्डमन यांनी २०११ मध्ये जमिनीच्या भावी किमतीवर पैसा लावत वाढणाऱ्या या शहराच्या प्रक्रियेला सट्टेबाज नागरीकरण असे नाव दिले. वसाहतीच्या आतही हा अभ्यास आला. १९९९ मध्ये सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेत तंत्रज्ञान आणि समाज यांच्या संबंधांवर संशोधन होऊ लागले. विप्रोचे अझीम प्रेमजी यांच्या दानातून कर्नाटक विधिमंडळाच्या २०१० च्या कायद्याने स्थापन झालेल्या अझीम प्रेमजी विद्यापीठाने आपली पहिली वर्षे इलेक्ट्रॉनिक सिटीलगत, होसूर रस्त्यावरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात काढली आणि नंतर ते सर्जापूरच्या स्वतःच्या जागेत गेले. शिक्षण आणि विकास हे त्याचे आरंभीचे विषय होते.

या विद्यापीठातील प्राध्यापक हरिणी नागेंद्र यांच्या कामात आधी सांगितलेला धागा पुन्हा हाती येतो. त्यांनी विज्ञान संस्थेत माधव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट केली आणि पुढे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांच्याबरोबर संशोधन केले. सामाईक मालमत्ता सरकारच्या किंवा बाजाराच्या हाती न देता लोक स्वतः नियम करून टिकवू शकतात, हे जगभरच्या उदाहरणांनी दाखविल्याबद्दल ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले होते. नागेंद्र यांनी हा विचार जंगलातून शहरात आणला. बंगळुरूची तळी कोणी राखली, कोणी बुजविली आणि नागरिकांच्या गटांनी काही तळी पुन्हा कशी जिवंत केली, याचा अभ्यास त्यांनी ऑस्ट्रॉम यांच्यासह केला, आणि २०१६ मध्ये शिलालेख, जुने नकाशे व मुलाखती यांच्या आधारे बंगळुरूच्या निसर्गाचा इतिहास प्रसिद्ध केला. सीमा मुंडोळी यांच्यासह लिहिलेले शहरांतील वृक्षांवरचे पुस्तक २०१९ मध्ये आले. तळे वाचविण्याच्या चळवळीत सदनिकांमध्ये राहणारे रहिवासी पुढे आले की गुरे पाजणारे आणि मासे धरणारे जुने हक्कदार कडेला पडतात, याकडेही या संशोधनाने लक्ष वेधले; बाविस्करांनी दिल्लीत ओळखलेली प्रवृत्ती बंगळुरूच्या तळ्याकाठीही दिसली.

उद्योगाच्या पैशावर उद्योगाची चिकित्सा होऊ शकते का, हा आक्षेप येथे विचारात घेतलाच पाहिजे. भारतातील विद्यासंस्थांचा इतिहास पाहिला तर तो आक्षेप अर्धाच टिकतो. विज्ञान संस्था टाटांच्या दानातून उभी राहिली, गोखले संस्थेच्या स्थापनेमागे १९३० मध्ये रावबहादूर रा. रा. काळे यांची देणगी होती, आणि या दोन्ही ठिकाणी स्वतंत्र बुद्धीचे काम झाले. सरकारी अनुदानावरचे संशोधनही सरकारविषयी नेहमी निर्भय राहिले असे नाही: पश्चिम घाटासाठी गाडगिळांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल दिला, ग्रामसभांना निर्णयाचा अधिकार द्यावा असे त्यात सुचविले, आणि तो अहवाल आधी दाबून ठेवला गेला व नंतर सौम्य करण्यासाठी दुसरी समिती नेमली गेली. दान कोणाचे आहे यापेक्षा दात्याच्या अंगणाकडेही अभ्यासक पाहू शकतो की नाही, ही खरी कसोटी आहे. नर्मदा, बस्तर आणि दिल्ली यांच्याविषयी लिहिणाऱ्यांचा सन्मान करणे उदारपणाचे आहे. कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर येथील १९७८ पूर्वीची शेते, गोमाळ आणि तळी यांचा इतिहास त्याच कसोशीने लिहिला जाण्यासाठी दप्तरे उघडी करणे, हे त्याहून कठीण आणि अधिक मोलाचे काम आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेल्या मेट्रोच्या पिवळ्या मार्गिकेवरील एका स्थानकाला इन्फोसिस फाउंडेशन आणि कोनप्पन अग्रहार अशी दोन्ही नावे एकत्र दिलेली आहेत. कंपनीचा इतिहास अनेकांनी लिहिला आहे, गावाचा अजून लिहायचा आहे.

महाराष्ट्रातही हे काम पडून आहे. हिंजवडी, माण आणि मारुंजी या गावांच्या जमिनीवर महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने उभारलेल्या राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानाची कथा इलेक्ट्रॉनिक सिटीच्या कथेशी पावलोपावली जुळते, आणि फेरफार नोंदी, गायरानांची नोंदवही, ग्रामसभांचे ठराव व संपादनाचे निवाडे ही त्या अभ्यासाची साधने तलाठी कार्यालयापासून पुराभिलेखागारापर्यंत उपलब्ध आहेत. ज्यांनी स्वतः ती जमीन कसली ते वृद्ध आज सत्तरी ओलांडून गेले आहेत. पुणे आणि मुंबई येथील विद्यापीठांतील समाजशास्त्र, इतिहास आणि अर्थशास्त्र विभागांनी हा विषय आपल्या संशोधक विद्यार्थ्यांकडे विलंब न लावता सोपवावा.